वाडीतून नेलेलं वाडीत परत आणा

दिवाळी उलटली की बदलापूर, कल्याणच्या पट्ट्यात वीटभट्ट्यांची तयारी सुरू होते. कातकरी आदिवासी कुटुंबं वाडीवरची दारं ओढून घेतात आणि भट्टीवर उतरतात. पावसाळ्यात हाताला काम नव्हतं तेव्हा मालकाकडून उचललेला बयाणा कधीच संपलेला असतो. तो आता अंगमेहनतीनं फेडायचा. नवरा गारा तुडवतो, बायको विटा पाडते, मुलं त्या उलटून वाळवतात. मजुरी हजार विटांमागे आणि हिशेब मालकाच्या वहीत. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो, तेव्हा कित्येकांच्या नावावर बाकी निघते आणि पुढचा हंगाम तिथेच बांधला जातो. वेठबिगारी कायद्यानं बंद झाली ती 1976 साली.

जागतिक विषमतेचा भाग म्हणून या माणसांचा अभ्यास मानववंशशास्त्रानं करावा आणि तो चारचौघांत मांडावा, असं म्हटलं की पहिलं उत्तर येतं: विषमता मोजायची ती अर्थशास्त्रानं, आकडे द्या, कहाण्या नकोत.

आकडे मलाही हवेत. जगातल्या तळाच्या निम्म्या माणसांकडे एकूण संपत्तीतला जेमतेम 2 टक्के वाटा आहे आणि वरच्या 10 टक्क्यांकडे 76 टक्के, हे 2022 च्या जागतिक विषमता अहवालानं सांगितलं म्हणूनच आपल्याला कळलं. पण आकडा गोळा कसा होतो तेही पाहू. 2011 च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ती 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत. फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा भर हंगाम. त्या दिवसांत वाडीवर जाणाऱ्याला म्हातारीकोतारी आणि कुलपं भेटतात. भट्टीवर कुणी मोजलंच, तर ते कुटुंब भलत्याच गावच्या खात्यावर चढतं. वाडीचा आकडा कमी भरतो आणि त्या आकड्यावर बेतलेली अंगणवाडी, नळ, रस्ता हेही मागे पडतात. ही चूक तक्त्याच्या आत बसून दिसत नाही. जो माणूस जुलैत वाडीवर आणि फेब्रुवारीत भट्टीवर त्याच कुटुंबाला भेटतो, त्याला ती दिसते. वर्षभर माणसांबरोबर राहून पाहणं हीच मानववंशशास्त्राची पद्धत आहे, आणि आकडा दुरुस्त करायचा असेल तर तिच्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा आक्षेप ‘जागतिक’ या शब्दावर. म्हणे गावच्या प्रश्नाला एवढं मोठं नाव कशाला? पण आपला हा पट्टा निव्वळ गावचा राहिला होता कधी? अंबरनाथचा विमको हा आगपेट्यांचा कारखाना स्वीडिश भांडवलावर उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच बराकींत आले. त्यांचं उल्हासनगर झालं. बारवी धरण बांधलं औद्योगिक विकास महामंडळानं, कारखान्यांच्या आणि शहरांच्या पाण्यासाठी. त्याची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या गावपाड्यांना उठावं लागलं. भांडवल, युद्ध, फाळणी, पाणी, सगळं बाहेरून ठरत आलं आणि त्याची किंमत इथे मोजली गेली. आज मुंबईत घर न परवडणारा नोकरदार बदलापुरात फ्लॅट घेतो, परवडणारा कर्जतकडे फार्महाऊस घेतो, आणि दोघांच्या मागणीनं चढलेला जमिनीचा भाव कातकरीवाडीच्या कुंपणापर्यंत येऊन पोचतो.

कुंपण हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. ठाणे-रायगडातल्या कित्येक कातकरीवाड्या खासगी जमिनीवर उभ्या आहेत. शेतमालकाला राबणारी माणसं हवी होती तेव्हा त्यानं ती आपल्या जागेत बसवून घेतली. पिढ्या गेल्या, सातबारावर नाव मालकाचंच राहिलं. जमिनीला भाव आला तसं वाडीला तारेचं कुंपण पडू लागलं. घरकुल मंजूर झालं तरी जागा आपल्या नावावर नसेल तर ते बांधायचं कुठे?

हे सगळं नीट उलगडलं ते एका संशोधनानं. डॅनिएल बकल्स हे कॅनडातले संशोधक आणि कर्जत तालुक्यातल्या कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर यांनी, बन्सी घेवडे यांना सोबत घेऊन, कातकऱ्यांच्या वाड्यांवर काम केलं. त्यांचं ‘फायटिंग एव्हिक्शन’ हे पुस्तक 2013 साली आलं. त्या अभ्यासात वाडीतली माणसं नुसती उत्तरं देणारी नव्हती. कोण कधी आलं, जागा कुणाची, उठवलं जाण्याची भीती किती, याची मांडणी त्यांनी स्वतः बसून केली. त्यातून गावठाणाची मागणी उभी राहिली, जिची तरतूद 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात आधीपासूनच होती. कायदा होता, वाडी होती. दोघांना जोडणारा अभ्यास नव्हता.

यावर तिसरा आक्षेप येतो, आणि तो विद्यापीठातून येतो: संशोधकानं तटस्थ राहावं, मागण्यांत पडू नये. असं म्हणणाऱ्यांना मी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची आठवण करून देईन. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवटीच्या ठेवणीत वंशाचं श्रेष्ठत्व सापडायला हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं त्यांच्याच संस्थेत लिहून दिलं. जे सापडलं ते कुणाला आवडो न आवडो सांगायचं, ही तटस्थता. सापडलेलं कपाटात ठेवायचं, ही नव्हे. त्याच इरावतीबाईंनी पुढे जाई निंबकरांबरोबर कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली. ती 1969 साली प्रसिद्ध झाली. ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’ ही पुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली, म्हणून ज्यांनी विद्यापीठ पाहिलं नाही अशा घरांतही त्या पोचल्या.

एक आक्षेप मात्र मी खोडणार नाही, कारण तो वाडीचा आहे: लोक येतात, विचारतात, फोटो काढतात, जातात. हे खरं आहे, आणि जुनं आहे. कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांचं अख्खं पुस्तक 1934 साली निघालं, इंग्रजीत. वर मी ज्याची वाखाणणी केली ते 2013 चं पुस्तकही इंग्रजीतच आहे. वाडीतून माहिती न्यायची, तिच्यावर पदव्या आणि परिषदा उभ्या करायच्या आणि वाडीला तिची प्रतही द्यायची नाही, हीदेखील विषमताच. मोठ्या विषमतेवर बोलणाऱ्यांनी आधी ही मिटवावी.

म्हणून अंबरनाथ, कर्जत, मुरबाडच्या वाड्यांवर ज्यांनी प्रबंध लिहिले, अहवाल केले, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. त्यातली वाडीच्या उपयोगाची पानं सोप्या मराठीत काढा: कुणाची घरं किती वर्षांची, जागा कोणत्या गट क्रमांकात, अर्ज कुठे करायचा. ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचा आणि एक प्रत वाडीवर ठेवा. मात्र 26 जानेवारीच्या ग्रामसभेला जाऊ नका, तेव्हा वाडी भट्टीवर असते. 15 ऑगस्टला जा. त्या दिवशी सगळे घरी असतात.