दूध विष नाही आणि दूध काढणारा क्रूर नाही

‘डॉक्टर, दुधानं कॅन्सर होतो म्हणे. खरं का?’ हा प्रश्न हल्ली मला चक्क चार-पाच गाई सांभाळणारे शेतकरी विचारतात.

पहाटे धार काढायची, किटली घेऊन डेअरी गाठायची, फॅट आणि एसएनएफ पाहून जो दर मिळेल तो घ्यायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. अशा माणसाला रतिबाचं गिऱ्हाईक सांगतं, ‘उद्यापासून दूध नको, आम्ही व्हीगन झालो.’ दिवाळीला शहरातून आलेला पुतण्या घरचा चहा नाकारतो आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. व्हिडिओतला गोठा परदेशातला, गुन्हेगार मात्र काका!

व्हीगन म्हणजे दूध, दही, तूप, अंडी, मधसुद्धा न खाणारा. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. प्राण्यांबद्दलच्या करुणेतून कोणी हा मार्ग निवडला, तर मला त्याचा आदर आहे. नीट आखणी केली तर प्रौढ माणूस त्या आहारावर निरोगी राहू शकतो. पण करुणेचा निर्णय वैद्यकशास्त्राच्या नावावर खपवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

कॅन्सरचं काय?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुधामुळे बहुधा थोडा कमी होतो. खूप जास्त दुग्धपदार्थ आणि प्रोस्टेटचा कॅन्सर यांचा संबंध असावा अशी शंका आहे, पण पुरावा कच्चा आहे. याला विष म्हणत नाहीत.

दूध सोडल्यावर काय जातं?

बी-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिजन्य अन्नातूनच भरवशाने मिळतं. रोज लागतं जेमतेम २ मायक्रोग्रॅम. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून दूध सोडल्यावर सुरुवातीला ‘छान हलकं वाटतंय’ असं म्हणता येतं. मग हातापायांना मुंग्या, थकवा, जिभेची आग, विसराळूपणा, चालताना तोल जाणं सुरू होतं. उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

दुधाऐवजी बदामाचं पेय घेता? दुधाच्या पेल्यात ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामाच्या पेयात साधारण १ ते २. सोयाचं पेय त्या मानाने बरं.

या भीतीची झळ कोणाला?

ज्या घरी रोज वीस लिटर दूध निघतं, त्याच घरातल्या बाईचं बी-१२ कमी निघतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सगळं दूध डेअरीला जातं, घरात कोरा चहा. गरिबीने हे घर आधीच अर्धं व्हीगन केलेलं असतं. त्यात ‘दूध विष आहे’ हे कानावर पडलं, की पोरांच्या ताटातलं वाटीभर दहीसुद्धा बंद होतं. शहरातला व्हीगन गोळी विकत घेतो. या मुलांना ती कोण देणार?

वासरांचा प्रश्न खरा आहे

नर वासराचं पुढे काय होतं, हा व्हीगन मंडळींचा सवाल रास्त आहे. पण शेतकऱ्याची कोंडीही बघा. बैलाचं काम ट्रॅक्टरने घेतलं, २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि खोंडालाही वैरण लागतेच. कालवडीच जन्माव्यात यासाठी खास रेतन आता उपलब्ध आहे. ते स्वस्तात गोठ्यापर्यंत पोचावं म्हणून आवाज उठवा. काकांना दोन शब्द सुनावून एकही वासरू वाचत नाही.

आता तुम्ही काय कराल?

- दूध सोडायचं ठरवलंच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी त्याच दिवशी सुरू करा. स्पिरुलिना त्याची जागा घेत नाही.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोळी कधीही चुकवू नये. आईत कमतरता असेल तर बाळाची वाढ आणि मेंदूचा विकास खुंटतो.
- कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ. प्रथिनांसाठी डाळी, सोयाबीन रोज खा.
- दूध पचत नसेल तर दही, ताक घेऊन पाहा.
- आणि शेतकरी बंधूंनो, डेअरीला जाण्याआधी एक तांब्या दूध घरात काढून ठेवा. उकळा आणि आधी पोरांना व त्यांच्या आईला द्या. तुमच्या गाईच्या दुधावर पहिला हक्क वासराचा, दुसरा तुमच्या घराचा. गिऱ्हाईक त्यानंतर.