कच्चा आंकडा

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या प्रदर्शनांत ज्या वजनकांट्याचें मीं सर्वांसमक्ष कौतुक केलें, त्याच कांट्याविषयीं आज कांहीं निराळें लिहिणें मला भाग आहे.

तो कांटा तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला आहे. धातूची एक जाड पट्टी. वजन पडलें कीं ती केसभर वांकते. वांकल्यानें तिच्यावर चिकटविलेल्या बारीक तारांचा विद्युत्-रोध किंचित् बदलतो. तो अल्पसा बदल एचएक्स 711 नांवाची चिप मोजते आणि त्याची संख्या करून लिनक्सवर चालणाऱ्या एका लहानशा संगणकाला देते. ही संख्या आंत घेऊन इतर प्रोग्रामांच्या हवालीं करणारा जो भाग, त्यास ड्रायव्हर म्हणतात. दहावीच्या एका विद्यार्थ्यानें तो माझ्या थोड्याशा मदतीनें लिहिला. प्रारंभीं आंकडा एकसारखा थरथरत असे. तेव्हां त्यानें ड्रायव्हरच्या पोटांतच अशी योजना केली कीं मागील पुष्कळ मापांची सरासरी घ्यावी, व तिच्याहून थोडें वेगळें माप आल्यास तें टाकून द्यावें. आंकडा स्थिर झाला आणि मी संतुष्ट झालों.

प्रदर्शनाच्या दिवशीं एक शेतकरी पालक वाळल्या मिरचीची पिशवी घेऊन आले. पिशवी कांट्यावर ठेवली, आंकडा वाचला, मग तींतून मूठभर मिरची काढून पुन्हां पाहिलें. "गुरुजी, हा तर हालतच नाही जी!" असें ते म्हणाले, आणि हंसले. कुही, मांढळ, भिवापूर ह्या टापूंत ज्याचें वर्ष मिरचीवर निघतें त्याला मुठीचा हिशेब शिकवावा लागत नाहीं. रात्रीं आम्ही कांटा उघडला, तों एका तारेचा सांधा ढिला सांपडला. थरथर होती ती त्याची होती. यंत्र आपलें दुखणें सांगत होतें, आणि आम्हीं त्याचें तोंड बंद केलें होतें. ह्यांत दोष त्या मुलाचा नव्हे. स्थिर आंकडा तोच खरा आंकडा, ही समजूत माझी होती.

ड्रायव्हर हा दुभाषी आहे. साक्षीदार जें बोलला तें त्यानें न्यायाधीशास जसेंच्या तसें सांगावें. साक्षीदार अडखळला असेल तर तेंहि सांगावें. सरासरी काढणें मुळींच वाईट नाहीं. पण ती वरच्या प्रोग्रामांत, वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, त्याला हवी तेव्हां काढून टाकतां येईल अशी असावी. खालीं दडवून ठेवलेली सरासरी म्हणजे बदललेली साक्ष होय, असें माझें स्पष्ट मत आहे.

हें मत माझ्या पदरचें आहे असेंहि नाहीं. लिनक्सच्या कर्नलमध्यें अशा मापक चिपांसाठीं इंडस्ट्रियल आयओ नांवाचा एक स्वतंत्र विभाग आहे. जोनाथन कॅमेरॉन ह्या गृहस्थांनीं तो सुरू केला, व 2009 सालीं तो कर्नलमध्यें आला. त्याचा संकेत मोठा सुबोध आहे. समजा, 12 बिटांची चिप 0 ते 3.3 व्होल्ट हें अंतर 4096 पायऱ्यांत विभागते. म्हणजे एक पायरी सुमारें 0.8 मिलिव्होल्टची झाली. ड्रायव्हरनें एका फाइलींत कच्चा आंकडा द्यावा, जसें 2048. दुसऱ्या फाइलींत एका पायरीचें मोल द्यावें. गुणाकार करून 1650 मिलिव्होल्ट काढणें वाचणाऱ्याकडे. चिप स्वतःच अनेक मापांची सरासरी घेत असेल, तर ती किती मापांची हें उघड नमूद करण्याचीहि सोय आहे. आपल्या एचएक्स 711 चा ड्रायव्हर तर 2017 पासून कर्नलमध्यें आहेच. आम्ही शिकण्याच्या हौसेनें स्वतःचा लिहिला हें ठीक झालें. परंतु तो आधीं वाचावयास हवा होता, तेवढा आम्हीं वाचला नाहीं.

हा प्रश्न मिरची तोलण्यापुरताच आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याच महाराष्ट्रांत, पुणें जिल्ह्यांतील खोडद गांवाजवळ, प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. सुमारें 25 किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या तिच्या 30 तबकड्या, प्रत्येक 45 मीटर व्यासाची! तबकड्यांनीं टिपलेले तरंग संख्यांत उतरवून त्यांची तुलना करणाऱ्या एका व्यवस्थेचें वर्णन 2010 सालीं प्रसिद्ध झालें. बाजारांत मिळणारीं पीसीआय कार्डें आणि लिनक्सवर चालणारे 48 संगणक, एवढ्यावर ती रचली होती. तिचा पट्टा 33 मेगाहर्ट्झचा. म्हणजे एकेका तरंगाचीं सेकंदाला निदान 6 कोटी 60 लाख मापें घेणें आलें. एवढ्या वेगांत प्रत्येक माप हातांत घेऊन पाहण्यास संगणकास सवड कोठून मिळणार? अशा वेळीं कार्ड स्वतःच स्मृतींत मापांचे ढीग रचतें, आणि एक ढीग भरत असतां ड्रायव्हर दुसरा ढीग पुढें पोंचवितो. पुढचा प्रोग्राम मागें पडला तर एखादा ढीग वाचण्यापूर्वींच पुसला जातो. आतां विचार करा: दोन तबकड्यांचे तरंग क्षणाशीं क्षण जुळवून ताडावयाचे आहेत. एकींतील थोडीं मापें गळालीं तर त्यापुढचीं सर्व मापें चुकीच्या क्षणाशीं जोडलीं जातील. मापें गळालीं हें जो ड्रायव्हर सांगतो, त्याच्या भरंवशावर निरीक्षण पुन्हां घेतां येतें. जो जुनेच आंकडे भरून पोकळी झांकतो, तो आकाशांत नसलेल्या गोष्टी दाखवील.

कित्येक पालक मला विचारतात, तालुक्याच्या शाळेंतील मुलांना हें कशाला? त्यांना टंकलेखन, फार तर मोबाईलचें एखादें ॲप शिकवा. शंका खरी आहे. ड्रायव्हर लिहिणें सोपें नाहीं. सी भाषा यावी लागते, चिपेचें इंग्रजी माहितीपत्रक ओळीओळीनें वाचावें लागतें, आणि एक चूक झाली कीं सबंध संगणक थिजतो. आमचा किती वेळां थिजला तें मी लिहीत नाहीं. परंतु दुकानांतला, बाजार समितींतला, रेशनवरचा कांटा आज आंकडेच दाखवितो, आणि त्या आंकड्यामागें कोणी काय टाकून दिलें हें विचारण्याइतकें ज्ञान कांट्यासमोर उभ्या असणाऱ्याच्या घरांतील एका तरी मुलाजवळ असावें, असें मला वाटतें. लिनक्सचा मूळ लेख कोणासहि वाचण्यास मोकळा आहे. कुहीच्या मुलाला जो मिळतो तोच बंगळूरच्या इंजिनीअरला मिळतो. म्हणून माझी शिक्षकबंधूंना विनंती कीं आठवड्यांतून एक तास, एकाच चिपेचें माहितीपत्रक आणि तिचा ड्रायव्हर मुलांसह शेजारीं शेजारीं ठेवून वाचावा. मुलें पहिल्या महिन्यांत कंटाळतील. माझींहि कंटाळलीं.

त्या विद्यार्थ्यानें सुटींत ड्रायव्हरमधील सरासरी काढून टाकली व तारेचा सांधा पक्का केला. आतां आपल्या कांट्यावर दोन आंकडे दिसतात: वर ग्रॅममधलें सरासरी वजन, आणि खालीं लहान अक्षरांत कच्चा आंकडा. तो अजूनहि थोडा थरथरतो. येत्या प्रदर्शनास त्या पालकांना मुद्दाम निमंत्रण धाडलें आहे, आणि पिशवी बरोबर आणावी असें कळविलें आहे.