शिबिरानंतरच्या मजुरीचे काय?

ऑक्टोबर आला की स्तनकर्करोगाची शिबिरे भरतात. ती जालन्यातही भरावीतच. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत 1998 पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी केलेल्या नियमित तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा लाभ दिसला नाही, हेही खरे. पण गाठ सापडल्यावर पुढे काय? जिनिंगमध्ये कवडी कापूस निवडणारी बाई केमोथेरपीसाठी छत्रपती संभाजीनगरला जाते, ती मजुरी बुडवून. उपचार सरकारी योजनेतून होतील. घर कशावर चालणार?

कामगार राज्य विमा योजनेत कर्करोग झालेल्या पात्र कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या 80 टक्के रक्कम मिळते. मात्र हंगामी कारखाने या योजनेतून वगळलेले आहेत, आणि त्यांत जिनिंग-प्रेसिंग येते. जिल्ह्याच्या कापसावर राबणाऱ्या बायकांना हे संरक्षण नाही. हंगाम मोजक्या महिन्यांचा, मालकाला वर्गणीचा बोजा झेपणार नाही, असे म्हटले जाते. पण मालकाची वर्गणी वेतनाच्या 3.25 टक्केच असते, आणि हंगामापुरतीच घेता येईल. आजारपणातला पैसा मालक नव्हे, विमा देतो. मालकाने आजारी बाईची जागा राखायची आणि आजाराची वाच्यता करायची नाही, एवढेच. खरी अडचण या लाभासाठी असलेल्या सलग दोन वर्षांच्या नोकरीच्या अटीची आहे. हंगामी कारखाने योजनेत आणण्याची आणि ही अट त्यांतल्या कामगारांसाठी शिथिल करण्याची मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत लावून धरावी.