तरंगत्या शहरात घर कोणाला?

जगाची लोकसंख्या २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ८०० कोटींवर गेली. जमीन काही वाढत नाही, तेव्हा आता समुद्रावरच शहरे वसवा, असे सांगणारे पुढे आले आहेत. २०१९ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या विषयावर बैठक झाली. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान शहरासाठी आराखडाही मांडण्यात आला. सव्वासहा हेक्टरच्या तरंगत्या तळावर १२ हजार माणसे राहतील, असे त्यात म्हटले आहे. चित्रे मोठी देखणी आहेत. पण साधा हिशेब करून पाहू. जगात दररोज सुमारे दोन लाख माणसांची भर पडते. ती पाण्यावर वसवायची तर बुसानसारखी सोळा शहरे रोज बांधावी लागतील! म्हणजे लोकसंख्येचे कारण केवळ सांगण्यापुरते आहे.

तंत्राला आमचा विरोध नाही. ॲमस्टरडॅममध्ये तरंगती घरे आहेत, लोक त्यांत राहतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. आज जे गरीब पाण्यावर राहतात, त्यांना ही व्यवस्था कसे वागवते?

नायजेरियातील लागोस शहर पाहा. तेथे खाडीत मकोको नावाची मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. लाकडी खांबांवर घरे, होडीतून येणे-जाणे. पुरुष मासे पकडतात, बाया ते धुरावर सुकवून विकतात. पाण्यावर कसे जगावे, हे त्यांना कोणा वास्तुशिल्पकाराने शिकवले नाही. २०१२ च्या जुलैत सरकारने त्यांना ७२ तासांची नोटीस दिली आणि घरे पाडायला सुरुवात केली. पोलिसांच्या गोळीने वस्तीतील एका पुढाऱ्याचा बळी गेला, तेव्हा कुठे पाडापाडी थांबली. पुढच्याच वर्षी कुनले अडेयेमी या वास्तुशिल्पकाराने तेथे प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगणारी तीन मजली शाळा उभारली. तिचे जगभर कौतुक झाले. २०१६ च्या जूनमध्ये मुसळधार पावसात ती कोसळली.

त्याच लागोसमध्ये समुद्रात भर घालून दहा चौरस किलोमीटर नवी जमीन तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. तिचे नाव इको अटलांटिक. अडीच लाख लोकांसाठी हे शहर आहे, असे सांगितले जाते. पण तेथील उंची इमारतींत मकोकोची मासळीवाली राहायला जाणार आहे काय? दुसरीकडे ओटोडो ग्बामे ही खाडीकाठची मच्छीमार वस्ती २०१६-१७ मध्ये पाडून सुमारे ३० हजार माणसे बेघर करण्यात आली. न्यायालयाचा मनाई हुकूम असतानाही बुलडोझर फिरले. २०१७ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी घटनाबाह्य ठरवली. पण तोवर वस्ती नष्ट झाली होती.

एकाच शहरात धनदांडग्यांसाठी समुद्र मागे हटवला जातो आणि गरिबाला पाण्यावरूनही हुसकले जाते. जमीन अपुरी आहे, हे अर्धसत्य आहे. ती कोणाच्या ताब्यात आहे, हे लपवण्यासाठी ते वापरले जाते. पाण्याच्या हक्कासाठी ज्यांना लढावे लागले, त्या आम्हाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तरंगत्या शहराचा आराखडा कोणीही आणो, त्यात हक्काचे घर कोणाला मिळणार, हे आधी लिहून घेतले पाहिजे. नाहीतर जमिनीवरची विषमताच उद्या पाण्यावर तरंगताना दिसेल.