वाखाचे दिवस परत यावेत, पण तलाव राखून

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे महामार्गावरचे आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे गाव. या परिसराची ओळख धानाच्या बांध्यांची आणि माजी मालगुजारी तलावांची. उभ्या धानात जवस फेकून उतेऱ्याचे पीक घेण्याची पूर्व विदर्भाची रीत जुनी आहे. अंबाडीच्या वाखाची दावी आणि कासरे शेतकरी स्वतःच वळीत. पुढे नायलॉनची दोरी आली आणि वाख मागे पडला. जवसाचे बी तेवढे मोलाचे राहिले. काड्यांना किंमत उरली नाही.

ज्याला आपण टाकाऊ म्हटले, त्याच्याकडे जग आज वळले आहे. युरोपातील मोटार उद्योग जवस व अंबाडीच्या तंतूंपासून गाडीच्या दारांचे आतील भाग घडवितो. परंतु तंतू जसाच्या तसा चालत नाही. त्याच्यावर पेक्टिन आणि मेण यांचा लेप असतो. शिवाय तंतू पाणी ओढतो, तर राळ पाण्याला दूर सारते. या दोघांची सोयरीक जुळायची, तर तंतूच्या पृष्ठभागावर आधी संस्कार करावे लागतात.

यासाठीचा रूढ उपाय म्हणजे कॉस्टिक सोडा. जॉन मर्सर या इंग्रजाने १८५० साली सुताच्या अशा प्रक्रियेचे पेटंट घेतले. उपाय गुणकारी खरा. पण उरलेले क्षारयुक्त पाणी जिथे सोडावे, तिथले जीवन नासते. आता सौम्य मार्ग उपलब्ध आहेत. पेक्टिनेजसारखी विकरे नको तो लेप तेवढा विरघळवितात. खाण्याच्या सोड्याचे द्रावण, वाफेचा दाब, ओझोन यांचेही प्रयोग झाले आहेत. बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेने ताग आणि अंबाडी कुजविण्यासाठी 'क्रिजॅफ सोना' ही जिवाणूंची भुकटी विकसित केली. तिने पाणी कमी लागते, दिवस वाचतात आणि वाखाचा दर्जा सुधारतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. काड्या थेट तलावात कुजविल्या, तर पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात, गुरांचे पाणी बिघडते. ज्या तलावावर धान आणि ढिवर बांधवांची चूल अवलंबून आहे, त्याचा बळी देऊन उभा राहिलेला उद्योग ग्रामोद्योग म्हणविण्यास पात्र नाही. बियांसाठी घेतलेल्या जवसाचा तंतू आखूड व राठ असतो, हेही मान्य केले पाहिजे. त्यातून उंची लिनन निघणार नाही. कागद आणि फळ्या मात्र होऊ शकतात.

म्हणून आरंभ लहानच असावा. गावातील बचत गटाने एक पक्के टाके बांधावे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन होते; मुंबईत १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था कार्यरत आहे. त्यांचे ज्ञान सौंदडच्या बांधावर पोहोचविणे हे शासनाचे आणि आपणा सर्वांचे काम आहे. स्वदेशी म्हणजे केवळ वस्तू आपली असणे नव्हे. ती घडविताना आपली माती आणि आपले पाणीही शाबूत राहिले पाहिजे.