हत्तीरोग आणि ६५ टक्के

"गणिताने कुठे रोग हटतात का?" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हत्तीरोगाचंच बघा ना. २००४ पासून देशभर गोळ्यांचं सामुदायिक वाटप सुरू झालं. निकष काय, तर ६५ टक्के लोकांनी गोळ्या घ्याव्यात. कागदावर ६५ भरले की साहेब खूश!

पण गणिती मॉडेल सांगतं की दरवर्षी वेगवेगळे लोक राहिले तर रोग लवकर आटोक्यात येतो. दरवर्षी तेच ते राहिले, तर त्यांच्या रक्तातले जंतू घेऊन डास गावभर हिंडतच राहतो. टक्केवारी मात्र दोन्हीकडे सारखीच!

म्हणून सरासरी पुरे झाली. एकदाही गोळी न घेतलेले कोण, त्यांना शोधा, आणि गोळी समोर गिळायला लावा.

मंडळी, पटतंय का?