शेड उंच करा, रोल बार कापू नका

निफाड तालुक्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, ट्रॉलीचे फाळके, पत्र्याची शेडं, ट्रॅक्टरचे हूड, जे लोखंडाचं असेल ते करून देतो. एक काम मात्र घेत नाही. ट्रॅक्टरच्या सीटमागे उभी असलेली जाड पाइपाची कमान, म्हणजे रोल बार, ‘फूटभर कापून द्या’ असं कुणी म्हटलं की मी चहा सांगतो, पण कटरला हात लावत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं. काही जण पुढच्या चौकातून कापून आणतात, तेही दिसतं. तरीही माझं म्हणणं बदलत नाही: ट्रॅक्टर शेडमध्ये मावत नसेल तर शेड बदला.

या मागणीमागे लबाडी नसते, अडचण खरी असते. आमच्याकडची बरीच शेडं आजोबांच्या वेळची आहेत, बैलगाडी आणि वैरणीच्या हिशेबाने बांधलेली. दाराची उंची सात फूट. आधीचा ट्रॅक्टर बिनाबारचा होता, तो आरामात आत जायचा. नवा आला तो कमान घेऊन, आणि ती कमान थेट लोखंडी तुळईला टेकते. सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर पावसात उभा करायला कुणाचं मन धजत नाही. शिवाय द्राक्षाच्या मांडवात ही कमान तारांना अडते, घड खरचटतात. मग माणूस विचार करतो, एवढ्या एका पाइपापायी एवढा त्रास कशाला?

त्या पाइपाचं काम काय, हे ट्रॅक्टर विकताना कुणी नीट सांगत नाही, खरं दुखणं हे आहे. ट्रॅक्टर दोन तऱ्हांनी उलटतो. एक म्हणजे आडवा. बांधाच्या कडेने चाललेलं मागचं चाक ढासळलेल्या मातीत जातं, किंवा चारीच्या रस्त्यावर वेगात वळण घेतलं जातं, किंवा शेततळ्याच्या भरावावरून चाक घसरतं. दुसरा प्रकार मागच्या मागे उलटण्याचा. चिखलात ट्रॉली रुतली आहे, मागची चाकं फिरायला तयार नाहीत, चालक ॲक्सिलेटर दाबून क्लच झटक्यात सोडतो. चाकं फिरत नाहीत म्हटल्यावर इंजिनचा सगळा जोर ट्रॅक्टरचं धूडच मागच्या ॲक्सलभोवती फिरवतो आणि पुढची चाकं वर उचलली जातात. साखळी ड्रॉबारला न बांधता वर कुठे अडकवली असेल तर विचारूच नका. पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा ठिकाणी पोचतो की तिथून त्याला परत आणता येत नाही, आणि दीड सेकंदात तो जमिनीवर आदळलेला असतो. ‘मी उडी मारीन’ म्हणणाऱ्याने हा दीड सेकंद एकदा मोजून बघावा.

अशा वेळी जमीन आणि चालक यांच्यामध्ये फक्त ती कमान असते. आडव्या पलटीत ती बहुतेक वेळा ट्रॅक्टरला कुशीवरच अडवते, पुढे कोलांटी खाऊ देत नाही. आणि पूर्ण उलटलाच तरी सीटभोवती माणूस जगेल एवढी जागा राखते. सीटचा पट्टा माणसाला त्याच जागेत धरून ठेवतो. म्हणून बार आणि पट्टा ही जोडी आहे. आता ही कमान दीड फूट कापली तर काय उरतं? सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं सीटपासून जवळजवळ तीन फूट वर असतं. आखूड केलेला बार त्याच्या खांद्याला येतो. म्हणजे ट्रॅक्टर उलटला की पहिल्यांदा जमिनीला टेकणार ते चालकाचं डोकं.

यावर हुशार गिऱ्हाईक दुसरा उपाय सुचवतं. ‘कापू नका, मधोमध बिजागरी लावा. आत जाताना वाकवू, बाहेर आलं की सरळ करू.’ ऐकायला ठीक वाटतं, पण वेल्डर म्हणून मला यात जास्त भीती वाटते. कारखान्यातला बार हा नुसता वाकवलेला पाइप नसतो. त्या नमुन्याचा एक बार चाचणीत मागून आणि बाजूने ठरावीक जोर लावून दाबतात. ट्रॅक्टर जेवढा जड तेवढा जोर मोठा. मग वरून ट्रॅक्टरच्या वजनाच्या साधारण दुप्पट भार टाकतात. त्यात बारने थोडं वाकणं अपेक्षित असतं, कारण वाकता वाकताच तो धक्का गिळतो. मात्र त्याने तुटायचं नसतं आणि चालकाच्या जागेत घुसायचं नसतं. आपल्याकडे या चाचणीसाठी आयएस ११८२१ हे भारतीय मानक आहे. माझ्या दुकानात ३.१५ चा साधा रॉड आहे, ज्याने मी गेट जोडतो. बारचं पोलाद कुठल्या प्रतीचं आहे हे मला बघून सांगता येत नाही. कापून जोडलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंचं लोखंड तापून त्याचा गुण बदलतो. बिजागरीसाठी भोक पाडलं की ताण त्या भोकाच्या कडेला गोळा होतो. बाहेरून टाका कितीही सुबक दिसो, तो टिकेल की नाही हे ट्रॅक्टर उलटल्यावरच कळणार. त्या चाचणीला बसायची माझी तयारी नाही, आणि गिऱ्हाइकाचीही नसावी. बार ॲक्सलवर बसवणाऱ्या बोल्टांचंही तेच. मूळ बोल्ट हाय टेन्साइल असतात. एखादा हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट ठोकला, तर सगळी कमान त्या एका बोल्टाच्या भरवशावर येते.

‘पण हूड आहे की!’ हा तिसरा युक्तिवाद. हूड मीच बनवतो, त्यामुळे स्पष्ट सांगतो. तो ऊन अडवतो, पाऊस थोडाफार अडवतो, त्यावर नाव रंगवता येतं आणि स्पीकर बसवता येतो. पातळ पाइप आणि पत्र्याचा तो मांडव दोन टनांच्या ट्रॅक्टरखाली चेपून सपाट होतो. रोल बार काढून त्या जागी झोकदार हूड बसवणं म्हणजे हेल्मेट टाकून डोक्यावर फेटा बांधण्यासारखं आहे.

रोल बारचा उपयोग किती, याचा हिशेब जगाने मांडून ठेवलेला आहे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना अशी चौकट सक्तीची केली. तिथे १९५७ मध्ये दर लाख ट्रॅक्टरमागे पलटी होऊन वर्षाला सुमारे १२ माणसं मरत होती. १९९० पर्यंत तो आकडा ०.२ वर आला. अमेरिकेत १९७६ पासून मजूर चालवत असलेल्या नव्या ट्रॅक्टरना बार सक्तीचा झाला आणि १९८५ पासून तिथल्या कंपन्या आपण होऊन तो लावून देऊ लागल्या. जुन्या ट्रॅक्टरवर बार बसवणाऱ्या शेतकऱ्याला न्यूयॉर्क राज्यात खर्चाच्या ७० टक्के रक्कम परत देण्याची योजना २००६ पासून राबवली गेली. आमच्यासारख्या द्राक्षवाल्यांनी मात्र इटलीकडे बघावं. तिथेही द्राक्षबागा, तिथेही अरुंद ट्रॅक्टर, आणि त्यावर कारखान्यातूनच घडीचा बार. तरी तिथे माणसं दगावतात, कारण बार घडी करून ठेवलेला असतो आणि कुणी तो उभाच करत नाही. बार जड असतो, पिन गंजलेली असते, आणि माणूस म्हणतो, एवढ्यासाठी कोण खाली उतरतं?

याचा अर्थ घडीचा बार वाईट असा नाही. शेड बुटकं असेल किंवा बाग मांडवाची असेल तर तोच योग्य पर्याय आहे, फक्त तो कंपनीचा हवा, त्या मॉडेलसाठी चाचणी झालेला हवा. आत घालताना किंवा मांडवात शिरताना खाली करा, बाहेर पडलात की उभा करून पिन लावा. पिनेला छोटी साखळी लावून घ्या, म्हणजे ती हरवणार नाही. सांध्याला अधूनमधून ग्रीस द्या. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बार खाली असताना पट्टा लावायचा नाही. बारशिवाय पट्टा लावला तर उलटलेल्या ट्रॅक्टरखाली माणूस बांधलेलाच राहतो.

शेडचं काम त्यामानाने सोपं आहे, आणि तिथे माझा कटर खुशाल चालू दे. पत्र्याच्या शेडचे खांब लोखंडी असतील तर पत्रे उतरवून खांबांना दीड-दोन फुटांचे जोड देता येतात. वीटकामाचं शेड असेल तर दार पन्हाळीच्या बाजूला न ठेवता आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत काढा, मधोमध आपोआप उंची मिळते. तेही जमत नसेल तर शेडला लागून चार खांबांवर उंच पत्र्याची पडवी काढा. ट्रॅक्टरला चारी बाजूंनी भिंत लागत नाही, डोक्यावर छप्पर असलं की पुरतं. जमीन खोदून फरशी खाली नेण्याचा मोह टाळा. पहिल्याच पावसात आत डबकं होतं आणि ट्रॅक्टर तळ्यात उभा राहतो.

रोल बार म्हणजे सगळ्यावर औषध नव्हे, हेही सांगायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये नांदेडजवळ आलेगावच्या शिवारात मजूर महिलांना घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली आणि सात जणी बुडून मेल्या. तिथे विहिरीला कठडा हवा होता आणि ट्रॉलीत माणसं नको होती. मडगार्डवर बसलेल्या पोरालाही बार वाचवत नाही. तो फक्त सीटवर पट्टा लावून बसलेल्या माणसासाठी आहे. पण त्या एका माणसावरच घर चालत असतं.

आता सरकारला आणि कंपन्यांना दोन शब्द. आपल्याकडे विकले जाणारे बरेच ट्रॅक्टर आजही रोल बारशिवाय येतात. आपल्याच देशातून अमेरिकेला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर मात्र बार असतो. तिथल्या शेतकऱ्याचं डोकं आपल्यापेक्षा महाग आहे काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सहा लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरमागे ४२ हजार रुपये वाचले. बार आणि पट्टा सक्तीचा करायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नाही, कारण त्याचा बोजा शेतकऱ्याला जाणवणारही नाही. राज्य सरकार कृषी यांत्रिकीकरणातून ट्रॅक्टरला अनुदान देतं. त्या अर्जात एकच अट घालावी: चाचणी झालेला बार आणि पट्टा असलेल्या ट्रॅक्टरलाच पैसे. आणि विक्रेत्याने ट्रॅक्टर दाखवताना हॉर्सपॉवरच्या आधी एक प्रश्न विचारावा, ‘दादा, तुमच्या शेडचं दार किती उंच आहे?’

माझ्या धंद्यातल्या मंडळींनाही सांगतो. बार कापायचे पाचशे-हजार रुपये मिळतात, शेड उंच करून दिलं तर त्याच्या कितीतरी पट मिळतात. गिऱ्हाइकाला दुसरं काम सुचवा, त्यात त्याचंही भलं आणि आपलंही. आणि नवं शेड बांधणाऱ्यांनो, पाया आखण्याआधी टेप घेऊन ट्रॅक्टर मोजा, बार उभा करून मोजा, आणि दार नऊ फुटांचं ठेवा.